रात्री एकटे चालणारे यंत्र: विंडोज डेस्कटॉपवर भरवशाच्या स्वयंचलित चाचण्यांची पूर्वतयारी

आपल्या टेबलावर दहा वेळा बिनचूक चाललेली चाचणी रात्री एकटी सोडली की नापास होते, आणि सकाळी आपण समोर बसून पुन्हा चालवली की निमूटपणे उत्तीर्ण होते. डेस्कटॉप सॉफ्टवेअरच्या स्वयंचलित चाचणीकडे नव्याने वळलेल्या बहुतेकांना हा अनुभव सुरुवातीलाच येतो आणि पहिला संशय स्वतःच्या स्क्रिप्टवर, म्हणजे चाचणी चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर, जातो. स्क्रिप्टमध्ये दोष असतातही. पण मी आजवर शोधून काढलेल्या अशा अपयशांपैकी निम्म्याहून अधिक यंत्रामुळे झालेली होती. कधी पडद्याला कुलूप लागलेले असे, कधी बटणावर अपडेटची सूचना येऊन बसलेली असे, तर कधी रात्री कोणीतरी दूरवरून लॉगिन करून गेलेले असे. म्हणून या लेखात चाचणी कशी लिहावी याऐवजी ती ज्या यंत्रावर चालणार ते कसे उभे करावे, हे क्रमाने सांगितले आहे. उदाहरणासाठी विंडोज ११ वर चालणारी एक बिलिंग प्रणाली आणि तिच्या चाचण्यांसाठी पायथॉन ही प्रोग्रॅमिंग भाषा व तिच्यातून विंडोजच्या खिडक्या हाताळणारे पायविनऑटो ही साधने धरली आहेत. साधने वेगळी असली तरी यंत्राबाबतचे बहुतेक मुद्दे तसेच लागू पडतात.

एवढी काळजी का घ्यायची, हे एका छोट्या हिशेबातून समजेल. समजा, आपल्याकडे २०० चाचण्या आहेत आणि प्रत्येक चाचणी विनाकारण नापास होण्याची शक्यता दर २०० वेळांत केवळ एकदा, म्हणजे अर्धा टक्का आहे. तरीही सर्वच्या सर्व २०० चाचण्या एका रात्रीत उत्तीर्ण होण्याची शक्यता सुमारे ३७ टक्केच राहते. म्हणजे दर तीन रात्रींपैकी जवळजवळ दोन रात्री कुठे ना कुठे खोटे अपयश दिसणार. तीच शक्यता हजारात एक इतकी खाली आणली, तर निर्दोष रात्रींचे प्रमाण ८२ टक्क्यांच्या आसपास जाते. खोट्या अपयशांची सवय झालेला चमू काही आठवड्यांत अहवाल उघडणेच सोडून देतो आणि मग खरा दोषही त्याच ढिगात गाडला जातो.

यंत्राची निवड

चाचणीचे यंत्र चाचणीसाठीच असावे. कोणाचा तरी जुना लॅपटॉप 'संध्याकाळी सहानंतर' वापरायचा, ही तडजोड सुरुवातीला सोयीची वाटते. परंतु त्या लॅपटॉपवर दिवसभरात कोणते प्रोग्रॅम बसवले गेले आणि कोणत्या खिडक्या उघड्या राहिल्या, याचा हिशेब कोणाकडेच नसतो. विंडोज ११ साठी अधिकृत किमान गरज ४ जीबी मेमरीची आहे, पण चाचणीच्या यंत्रासाठी १६ जीबी मेमरी आणि एसएसडी असावी असे मी सुचवेन, कारण संथ यंत्रावर वेळेशी निगडित अपयशे झपाट्याने वाढतात. आवृत्ती होम न घेता प्रो घ्यावी. दूरस्थ डेस्कटॉपची यजमान बाजू (या यंत्रात दुसऱ्या यंत्रावरून लॉगिन करू देणारी), ग्रुप पॉलिसी संपादक (यंत्राची धोरणे ठरवणारे साधन) आणि हायपर-व्ही (आभासी यंत्रे चालवणारे साधन) या तिन्ही सोयी होम आवृत्तीत मिळत नाहीत आणि पुढे तिन्हींची गरज पडते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने, ग्राहक अजून त्यावर असतील तरच त्यासाठी वेगळे यंत्र ठेवावे.

शक्य असेल तर प्रत्यक्ष यंत्रावर थेट चाचण्या न चालवता त्यावर एक आभासी यंत्र, म्हणजे सॉफ्टवेअरने तयार केलेला संगणकातला संगणक, उभे करावे. हायपर-व्हीमध्ये 'चेकपॉइंट' आणि व्हर्च्युअलबॉक्स या तशाच साधनात 'स्नॅपशॉट' या नावाने यंत्राची त्या क्षणाची संपूर्ण स्थिती साठवता येते आणि काही मिनिटांत तिच्याकडे परतता येते. या एका सोयीमुळे पुढची निम्मी कामे हलकी होतात.

वीज आणि नेटवर्क यांचा विचार आपल्याकडे पहिल्याच दिवशी करावा लागतो. यंत्राला यूपीएस जोडावा. वाय-फायऐवजी केबल वापरावी. आणि बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होण्याचा पर्याय चालू करावा. लाइट गेल्यामुळे बंद पडलेले यंत्र सकाळी कोणीतरी बटण दाबेपर्यंत तसेच पडून राहिले, तर पूर्ण रात्र वाया जाते. यंत्राला मॉनिटर जोडणार नसाल, तर ग्राफिक्सच्या पोर्टमध्ये बसणारा एचडीएमआयचा डमी प्लग घ्यावा; तो मॉनिटर जोडलेला असल्याचे यंत्राला भासवतो. मॉनिटर नाही असे कळले की विंडोज पडद्याचे रिझोल्यूशन बरेच खाली आणू शकते, आणि खिडकीच्या खालच्या कडेला असलेले 'बिल जतन करा' हे बटण मग पडद्याबाहेर जाते.

वेगळे खाते

सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स' या भागात जाऊन चाचणीसाठी एक स्थानिक खाते तयार करावे. खात्याचे नाव साध्या इंग्रजी अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता ठेवावे, कारण त्याच नावाने वापरकर्त्याचा फोल्डर तयार होतो, आणि मार्गात मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षरे आल्यास अडखळणारी साधने अजूनही बरीच आहेत.

यंत्र सुरू होताच हे खाते आपोआप लॉगिन झाले पाहिजे. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातील 'ऑटोलॉगऑन' हे छोटे साधन वापरावे. रजिस्ट्रीमध्ये (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) हाताने पासवर्ड लिहिण्याची जुनी पद्धत टाळावी, कारण तिथे तो उघड्या अक्षरांत राहतो. ऑटोलॉगऑन तो कूटबद्ध करून ठेवते, तरीही यंत्राचा प्रशासक तो मिळवू शकतो, हे ध्यानात ठेवावे. म्हणून हा पासवर्ड दुसऱ्या कोणत्याही खात्याचा नसावा, या खात्याला कंपनीच्या इतर फाइलींवर अधिकार नसावेत आणि चाचणीच्या डेटाबेसमध्ये खऱ्या ग्राहकांची नावे किंवा मोबाइल क्रमांक कधीही नसावेत. सतत उघडे राहणारे यंत्र उभे करताना ही किंमत प्रामाणिकपणे मोजावीच लागते.

अधिकारांचा आणखी एक पेच नवख्यांना फार छळतो. बिलिंग प्रणाली प्रशासक म्हणून चालू केली आणि चाचणीची स्क्रिप्ट साध्या वापरकर्त्याच्या अधिकारांत चालली, तर स्क्रिप्टने पाठवलेले क्लिक आणि कळा त्या खिडकीपर्यंत पोहोचतच नाहीत. कमी अधिकारांच्या प्रक्रियेने (चालू प्रोग्रॅमने) जास्त अधिकारांच्या खिडकीला आदेश देऊ नयेत, ही विंडोजची सुरक्षेची रचना आहे. पुष्कळदा कोणतीही त्रुटी दिसत नाही आणि चाचणी नुसती वाट पाहत राहते. यावर उपाय एकच: दोन्ही प्रक्रिया समान अधिकारांत चालवाव्यात, आणि शक्यतो दोन्ही साध्या अधिकारांत. परवानगी विचारणारी, पडदा काळवंडून येणारी खिडकी तर वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर उघडते. तिथे स्क्रिप्टला क्लिक करता येत नाही. त्यामुळे प्रणाली बसवण्याचे काम चाचणीच्या आत ठेवू नये. ते आधी, वेगळ्या पायरीत आणि योग्य अधिकारांनी उरकावे.

सेशन: सर्वांत जास्त रात्री इथे जातात

या भागावर मी मुद्दाम थांबतो, कारण इथली चूक दिसत नाही आणि समजायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

विंडोजमध्ये प्रत्येक लॉगिनला स्वतःचे सेशन, म्हणजे त्या लॉगिनचे प्रोग्रॅम चालण्याची वेगळी जागा, असते. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, सर्व सर्व्हिसेस (पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्रॅम) 'सेशन शून्य' या वेगळ्या सेशनमध्ये चालतात आणि त्या सेशनला वापरकर्त्याला दिसणारा डेस्कटॉप नसतो. चाचण्या ठरल्या वेळी आपोआप चालवणाऱ्या जेनकिन्स किंवा तत्सम प्रणालीचा एजंट, म्हणजे यंत्रावर राहून तिचे आदेश पाळणारा प्रोग्रॅम, बसवताना 'सर्व्हिस म्हणून बसवा' असा पर्याय समोर येतो, आणि तो नीटनेटका वाटतो म्हणून नवखा माणूस तोच निवडतो. मग एजंटने सुरू केलेली बिलिंग प्रणालीही सेशन शून्यमध्ये उघडते. टास्क मॅनेजरमध्ये प्रक्रिया दिसते, पडद्यावर मात्र खिडकी कुठेच नसते, आणि चाचणी 'मुख्य खिडकी सापडली नाही' असे म्हणून थांबते. ब्राउझर पडद्याविना चालवता येतो, म्हणून वेबच्या चाचण्यांत ही अडचण जाणवत नाही. डेस्कटॉपच्या चाचणीत ती हमखास येते.

म्हणून एजंट सर्व्हिस म्हणून न बसवता टास्क शेड्युलर या कामे आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या साधनातून सुरू करावा. नवे काम तयार करावे. ते कधी सुरू व्हावे या ठिकाणी 'लॉगिन झाल्यावर' हा पर्याय घ्यावा. आणि 'वापरकर्ता लॉगिन असतानाच चालवा' हे निवडावे. शेजारचा 'लॉगिन असो वा नसो, चालवा' हा पर्याय मोहात पाडतो, पण तो काम पुन्हा न दिसणाऱ्या सेशनमध्ये नेतो. त्याच खिडकीत ठरावीक दिवसांनी काम आपोआप थांबवण्याचा पर्याय आधीपासून चालू असतो. तो बंद करावा, नाहीतर तीन दिवसांनी एजंट गुपचूप बंद होईल.

दुसरा सापळा दूरस्थ डेस्कटॉपचा. आपण घरून यंत्रात डोकावतो, सर्व ठीक दिसते, खिडकीची फुली दाबून बाहेर पडतो. त्या क्षणी सेशन तुटते, यंत्राचा स्वतःचा पडदा लॉगिनच्या पाटीवर जातो आणि आपल्या सेशनमधला डेस्कटॉप रेखाटला जाणे थांबते. गंमत म्हणजे सर्वच चाचण्या नापास होत नाहीत. नियंत्रणाला (खिडकीतल्या बटणाला किंवा रकान्याला) थेट आदेश देणारे काही टप्पे अशा स्थितीतही चालतात, मात्र माउसचा खरा क्लिक, खऱ्या कळा आणि स्क्रीनशॉट यांच्यावर बेतलेले टप्पे पडतात. अशा अर्धवट निकालामुळे दोष स्क्रिप्टमध्येच असावा, असा समज पक्का होतो. मी स्वतः एका प्रकल्पात याच कारणाने जवळजवळ दोन आठवडे स्क्रिप्टमधल्या प्रतीक्षा वाढवत बसलो होतो, आणि उत्तर मात्र सकाळच्या अहवालातल्या काळ्याकुट्ट स्क्रीनशॉटमध्ये पहिल्या दिवसापासून समोर होते. स्क्रीनशॉट काळा दिसला की आधी सेशन तपासावे.

यावरचा साधा उपाय म्हणजे डोकावण्यासाठी व्हीएनसी प्रकारचे साधन वापरणे. ते यंत्राचा चालू पडदाच दाखवते, नवे सेशन उघडत नाही, त्यामुळे आपण आलो-गेलो तरी चाचणीला पत्ता लागत नाही. दूरस्थ डेस्कटॉपच वापरणे भाग असेल, तर बाहेर पडताना फुली न दाबता 'टीएसकॉन' ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकारांत चालवून आपले सेशन पुन्हा यंत्राच्या स्वतःच्या पडद्याकडे, म्हणजे 'कन्सोल'कडे, पाठवावे. या आज्ञेनंतर यंत्राचा पडदा कुलपाविना उघडा राहतो, म्हणून यंत्र कुलूपबंद खोलीत असावे; शिवाय पडद्याचे रिझोल्यूशनही बदलू शकते, ते तपासावे. हायपर-व्हीमधल्या आभासी यंत्राशी जोडताना 'एन्हान्स्ड सेशन' बंद ठेवावे, कारण तेही आतून दूरस्थ डेस्कटॉपचीच पद्धत वापरते आणि तोच सापळा वेगळ्या नावाने समोर येतो.

पडदा स्थिर करणे

आता यंत्राचा पडदा असा बांधून ठेवायचा की तो आज, उद्या आणि सहा महिन्यांनी सारखाच दिसेल. रिझोल्यूशन १९२० गुणिले १०८० ठेवावे आणि स्केलिंग, म्हणजे पडद्यावरची अक्षरे व बटणे मोठी करून दाखवण्याचे प्रमाण, १०० टक्के. पुष्कळ लॅपटॉपवर विंडोज स्वतःहून १२५ किंवा १५० टक्के स्केलिंग सुचवते. शंभर टक्क्यांवर डावीकडून ४०० आणि वरून ३०० बिंदूंवर असलेले बटण १२५ टक्क्यांवर सर्वसाधारणपणे ५०० आणि ३७५ वर जाते. म्हणून प्रतिमा किंवा अंतर मोजून क्लिक करणारी चाचणी लेखकाच्या लॅपटॉपवर चालते आणि रात्रीच्या यंत्रावर रिकाम्या जागी क्लिक करत राहते.

पॉवरच्या भागात पडदा बंद होणे आणि यंत्र झोपी जाणे या दोन्हींना 'कधीही नाही' करावे, स्क्रीनसेव्हर काढावा. यंत्र कंपनीच्या डोमेनमध्ये (एकाच ठिकाणाहून नियंत्रित होणाऱ्या यंत्रांच्या जाळ्यात) असेल, तर काही मिनिटांच्या निष्क्रियतेनंतर कुलूप लावण्याचे धोरण वरून लागू झालेले असते आणि आपण केलेला बदल काही तासांत पुसला जातो. अशा वेळी पळवाटा शोधू नयेत. आयटी विभागाला लेखी कळवून चाचणीच्या यंत्रांसाठी वेगळा गट आणि वेगळे धोरण मागावे. माउस हलवत राहणारी छोटी साधने वापरून कुलूप टाळणारे चमू मी पाहिले आहेत; ते साधन ज्या दिवशी बंद पडते, त्या दिवशी कारण शोधायला कोणी उरलेले नसते.

'ॲक्सेसिबिलिटी'मधील दृश्य परिणामांत जाऊन ॲनिमेशन बंद करावे, कारण सरकत उघडणाऱ्या मेनूवर पडलेला क्लिक शेजारच्या ओळीवर बसू शकतो. सूचनांसाठी 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करावे. भिंतीचे चित्र काढून एकरंगी पार्श्वभूमी ठेवावी. प्रतिमांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत याचा उपयोग होतो. चॅट, क्लाउड साठवण आणि प्रिंटरची साधने यांपैकी लॉगिनबरोबर सुरू होणारे जे जे गरजेचे नाही ते बंद करावे.

अपडेट: बंद नव्हे, ठरलेल्या दिवशी

अपडेट कायमचे बंद करण्याचा सल्ला इंटरनेटवर सर्रास मिळतो. तो घेऊ नये. ग्राहकांची यंत्रे अपडेट होत राहतात आणि आपली चाचणी गेल्या वर्षीच्या विंडोजवर होत राहते, याला अर्थ नाही. अपडेट कधी होईल हे मात्र आपण ठरवावे. सेटिंग्जमधून अपडेट जास्तीत जास्त पाच आठवडे पुढे ढकलता येतात आणि 'ॲक्टिव्ह अवर्स', म्हणजे अपडेटसाठी यंत्र आपोआप पुन्हा सुरू न होण्याची वेळ, दिवसातून १८ तासांपर्यंत ठेवता येतात. प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीमधून याहून काटेकोर नियंत्रण मिळते. मायक्रोसॉफ्टचे मासिक सुरक्षा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री उशिरा येते. त्यानंतरचा शनिवार मी यासाठी राखून ठेवतो. त्या दिवशी आधी सर्व चाचण्या चालवाव्यात, मग अपडेट बसवून यंत्र पुन्हा सुरू करावे, त्याच चाचण्या परत चालवाव्यात आणि निकाल जुळले तरच नवा स्नॅपशॉट घ्यावा. न जुळल्यास कारण अपडेट आहे हे निश्चित कळते, कारण त्या दरम्यान दुसरे काहीच बदललेले नसते.

अँटीव्हायरस चाचणीच्या वेळी मोठी तपासणी सुरू करणार नाही, असे तिचे वेळापत्रक ठेवावे. चाचणीचा फोल्डर तपासणीतून वगळायचा असल्यास तेवढाच वगळावा. संरक्षण पूर्ण बंद करू नये.

भाषा, वेळ आणि देवनागरी

मराठी मजकूर हाताळणाऱ्या प्रणालीची चाचणी करणाऱ्यांनी हा भाग टाळू नये. सर्वप्रथम प्रदेश आणि स्वरूप ठरवावे. भारतीय स्वरूपात रक्कम १,२३,४५६ अशी दिसते, अमेरिकी स्वरूपात तीच १२३,४५६ अशी. आणि ३ एप्रिल ही तारीख एका यंत्रावर आधी दिवस, तर दुसऱ्यावर आधी महिना अशी लिहिली जाते. महिन्याच्या १२ तारखेपर्यंत हा घोटाळा त्रुटी न देता चालून जातो आणि १३ तारखेला चाचणी कोसळते. मराठी स्वरूप निवडले, तर काही ग्रंथालये (प्रोग्रॅममध्ये वापरायचे तयार कोडचे संच, लायब्ररी) अंकही देवनागरीत देतात, आणि मग '१००' आणि त्याचे इंग्रजी अंकांतले रूप यांची तुलना फसते. ग्राहक जे स्वरूप वापरतात तेच यंत्रावर ठेवावे आणि कोणते ठेवले ते लिहून ठेवावे.

कळफलक मात्र चाचणीच्या वेळी इंग्रजीच असावा. इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक चालू राहिला, तर स्क्रिप्टने पाठवलेल्या साध्या कळांमधून देवनागरी अक्षरे उमटू शकतात. मराठी नाव भरायचे असल्यास एकेक कळ दाबण्यापेक्षा रकान्याचे मूल्य थेट ठेवण्याची पद्धत अधिक भरवशाची आहे.

मजकुराच्या तुलनेत एक खास मराठी अडचण येते. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो: एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत असतो, तर दुसऱ्यात साधा 'र', हलंत आणि न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक असतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकासाठी मात्र ते वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोड या अक्षरांच्या संगणकीय मानकाचे नेहमीचे सामान्यीकरणही (एकाच अक्षराची वेगळी रूपे एक करण्याची पद्धत) त्यांना एक करत नाही. त्यामुळे अपेक्षित मजकूर आणि प्रणालीतला मजकूर एकाच कळफलकातून आलेला असावा, किंवा तुलनेआधी एक रूप दुसऱ्यात बदलणारे छोटे फलन (फंक्शन) लिहावे. अहवालात दोन सारखे दिसणारे शब्द 'वेगळे' म्हणून छापले गेले, तर आधी हेच तपासावे.

पायथॉनचाही असाच एक बारकावा आहे. मराठी मजकूर कन्सोलवर, म्हणजे इथे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, छापला की तो ठीक दिसतो. परंतु रात्री एजंट तेच आउटपुट फाइलकडे वळवतो, तेव्हा पायथॉन विंडोजची जुनी संकेतपद्धती वापरायला जातो आणि देवनागरीचे पहिले अक्षर येताच त्रुटी देऊन थांबतो. टेबलावर चालते आणि रात्री पडते, याचे हे अगदी नमुनेदार उदाहरण आहे. पायथॉन ३.७ पासून उपलब्ध असलेला यूटीएफ-८ मोड (सर्व लिप्या साठवू शकणारी संकेतपद्धती) पर्यावरण-चलातून, म्हणजे सर्व प्रोग्रॅम वाचू शकतील अशा विंडोजच्या सेटिंगमधून, कायमचा चालू केला की हा प्रश्न सुटतो.

वेळेच्या बाबतीत यंत्राचा वेळ-विभाग भारतीय ठेवावा आणि घड्याळ इंटरनेटवरून जुळते ठेवावे. आपली वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत आपल्याकडे नवा दिवस सुरू झालेला असतो आणि जागतिक वेळेनुसार आदलाच दिवस चालू असतो. रात्री दोनला चालणारी 'आजचे बिल दिसते का' ही चाचणी नेमकी या पट्ट्यात येते. ती नापास झाली, तर तिला खोटे अपयश समजून दुर्लक्ष करू नये. बहुधा प्रणालीतच तारखेचा खरा दोष सापडलेला असतो.

साधने आणि प्रतीक्षा

पायथॉनसाठी वेगळे आभासी पर्यावरण, म्हणजे या चाचण्यांपुरत्या ग्रंथालयांचा स्वतंत्र फोल्डर, तयार करावे आणि प्रत्येक ग्रंथालयाची नेमकी आवृत्ती फाइलमध्ये लिहून तीच बसवावी. 'नवीनतम आवृत्ती' असे लिहिले की दोन यंत्रे दोन वेगळ्या दिवशी उभारल्यावर वेगळी होतात.

पायविनऑटोमध्ये दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीच्या खिडक्यांसाठी 'विन३२' आणि नव्यांसाठी 'यूआयए'. काही न सांगितल्यास पहिली वापरली जाते, त्यामुळे डब्ल्यूपीएफ या मायक्रोसॉफ्टच्या नव्या पद्धतीच्या खिडक्यांच्या तंत्रात बनवलेल्या प्रणालीतली बटणे सापडत नाहीत, अशी तक्रार नवखे लोक नेहमी करतात. बटण शोधताना त्याचे पडद्यावरचे स्थान किंवा नाव यांपेक्षा त्याचा ऑटोमेशन आयडी (प्रणालीच्या कोडमध्ये बटणाला दिलेली न बदलणारी ओळख) वापरावा. तो दिला नसेल, तर प्रणाली लिहिणाऱ्यांकडे हक्काने मागावा. त्यांच्यासाठी ते एका ओळीचे काम असते.

ठरावीक सेकंद थांबण्याच्या आज्ञा जमेल तितक्या काढून टाकाव्यात. पाच सेकंद थांबा असे लिहिले की वेगवान यंत्रावर वेळ वाया जातो आणि संथ यंत्रावर तो पुरत नाही. त्याऐवजी 'जतन झाले' हा संदेश दिसेपर्यंत, जास्तीत जास्त ३० सेकंद थांबा, असे लिहावे. नापास चाचणी आपोआप पुन्हा चालवण्याची सोय असेल, तर ती सुरुवातीचे काही महिने बंदच ठेवावी, कारण ती यंत्रातले दोष झाकते.

प्रत्येक चाचणीची सुरुवात ज्ञात स्थितीतून व्हावी. आधीच्या चाचणीने अर्धवट सोडलेली बिलिंग प्रणालीची प्रक्रिया बंद करावी, डेटाबेस मूळ प्रतीवरून पुन्हा भरावा, तात्पुरत्या फाइली पुसाव्यात आणि मगच पहिली खिडकी उघडावी. हे काम चाचणीच्या शेवटी न ठेवता सुरुवातीला ठेवावे, कारण कोसळलेली चाचणी तिच्या शेवटापर्यंत पोहोचतच नाही. नापास होताच पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट घ्यावा. फक्त आपल्या खिडकीचा घेतला, तर तिच्यावर येऊन बसलेली परकी सूचना चित्रात येत नाही.

लिनक्सवर काम करणाऱ्यांसाठी

उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय प्रकारावर सेशनचा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. अलीकडच्या आवृत्त्या वेलँड या पडदा रेखाटणाऱ्या नव्या व्यवस्थेवर चालतात, आणि एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या खिडकीत कळा पाठवणे किंवा तिचा पडदा वाचणे वेलँड मुद्दाम रोखते. त्यामुळे एक्स-११ या जुन्या व्यवस्थेसाठी लिहिलेली बरीच साधने तिथे निकामी ठरतात. उबुंटू २४.०४ मध्ये लॉगिनच्या पडद्यावरील दातेरी चाकातून एक्स-११ चे सेशन निवडता येते. त्याहून चांगला मार्ग म्हणजे एक्सव्हीएफबी हा मेमरीतच पडदा रेखाटणारा सर्व्हर वापरणे. त्याला मॉनिटर लागत नाही, कुलूप नसते आणि रिझोल्यूशन आपण सुरू करतानाच ठरवतो.

यंत्र स्वीकारण्याआधीची परीक्षा

सर्व मांडणी झाली की यंत्र लगेच कामाला जुंपू नये. बिलिंग प्रणाली उघडणे, एक बिल जतन करणे आणि प्रणाली बंद करणे एवढीच एक चाचणी घ्यावी आणि ती शुक्रवारी संध्याकाळी ३०० वेळा लावून द्यावी. तीनशेपैकी एकही वेळ नापास झाली नाही, तर संख्याशास्त्रातील साध्या नियमाने ९५ टक्के खात्रीने म्हणता येते की खोट्या अपयशाचे प्रमाण सुमारे एका टक्क्याहून कमी आहे. शंभरच वेळा चालवली, तर हीच मर्यादा तीन टक्के येते. एकदाही नापास झाली, तर 'तीनशेत एक चालते' असे म्हणून पुढे जाऊ नये. कारण सापडेपर्यंत शोधावे, दुरुस्त करावे आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू करावी.

ही मोजणी चालू असताना मुद्दाम काही व्यत्यय आणावेत. यंत्राची वीज काढून पुन्हा जोडावी आणि कोणीही हात न लावता लॉगिन होऊन एजंट सुरू होतो का ते पाहावे. दूरवरून जोडून बाहेर पडावे. नेटवर्कची केबल दोन मिनिटे काढून ठेवावी. प्रत्येक व्यत्ययानंतर पुढची चाचणी कशी वागली ते नोंदवावे.

या नोंदी ठेवण्यासाठी एक साधी फाइल स्क्रिप्टच्या शेजारीच ठेवावी. तीत विंडोजची नेमकी आवृत्ती, रिझोल्यूशन, स्केलिंग, प्रदेश, कळफलक, ग्रंथालयांच्या आवृत्त्या आणि शेवटच्या स्नॅपशॉटची तारीख असावी. शक्य असेल तर हीच माहिती प्रत्येक रात्री चाचण्यांआधी स्क्रिप्टने स्वतः वाचून फाइलशी ताडून पाहावी, आणि काही वेगळे आढळले तर एकही चाचणी न चालवता 'यंत्र बदलले आहे' एवढाच निरोप पाठवून थांबावे. महिनाभराने दुसरे यंत्र लागेल, तेव्हा ते याच फाइलवरून, पहिल्या यंत्राकडे न बघता, एका नव्या सहकाऱ्याला उभारायला सांगावे. जिथे त्याला आपल्याला विचारावे लागेल, ती ओळ फाइलमध्ये राहून गेलेली असते आणि ती त्याच वेळी लिहून टाकावी.